पुस्तकाचा कणा कापू नका

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य,
सर्व जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि शिक्षणाधिकारी,
तसेच गावोगावच्या वाचनालयांचे कार्यवाह आणि शाळांचे मुख्याध्यापक

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत पुस्तकबांधणीचे काम करते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पुढच्या खोलीत सासऱ्यांचा शिकंजा, म्हणजे पुस्तके दाबून धरायचा साचा, होता आणि दुपारची भांडी आवरली की घरातल्या बायका फर्म्यांची घडाई करत, म्हणजे छापील कागदांच्या घड्या घालत, बसायच्या. मीही आधी घडाई शिकले, मग शिलाई, आणि सासरे गेल्यावर पुठ्ठा-कापडही माझ्याकडे आले. याला एकतीस वर्षे झाली. शाळा, महाविद्यालये, लहानमोठी वाचनालये यांची पुस्तके मी बांधते. त्या पुस्तकांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे.

गेल्या मे महिन्यात एका वाचनालयाचे सेवक दोन पोती घेऊन आले. म्हणाले, "ताई, दोन वर्षांपूर्वीच बांधून घेतलीत ही, पण उघडतच नाहीत. वाचक तक्रार करतात." पोती सोडली. सगळी संदर्भाची पुस्तके, बरीचशी आता बाजारात न मिळणारी. तिन्ही कडा यंत्रावर छाटलेल्या होत्या. एका ग्रंथातला घडीचा नकाशा घडीतच कापला गेला होता, त्यामुळे तो उलगडल्यावर त्याचे तीन तुकडे हातात आले. आतल्या बाजूचे शब्द शिलाईखाली गेलेले. पण खरे नुकसान याहून मोठे होते. बांधणाऱ्याने कणाच कापून टाकला होता. मूळ घड्या गेल्या, सुटी पाने राहिली. सेवकांनी विचारले, पुन्हा नीट शिवता येईल का. मी त्यांना खरे तेच सांगितले. शिवायला घडी लागते, आणि या पुस्तकांत ती आता राहिलेली नाही.

पुस्तक कशावर उभे राहते ते आधी सांगते. छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पृष्ठांचा, म्हणजे आठ पानांचा, एक फर्मा होतो. जुनी माणसे त्याला जुज म्हणत. प्रत्येक जुजाच्या मधल्या घडीतून दोरा जातो, शेवटाला खालच्या जुजात अडकतो, आणि असे एकावर एक बांधत पुस्तक उभे राहते. ही जुज शिलाई. असे पुस्तक टेबलावर ठेवले की सपाट उघडते आणि हात काढला तरी उघडे राहते, कारण उघडताना ताण दोऱ्यावर येतो, कागदावर येत नाही. शंभर वर्षांनी दोरा कुजला तर तो काढून टाकायचा आणि त्याच भोकांतून नवा ओवायचा. एखाद्या जुजाची घडी फाटलेली असेल तर तिच्यावर पातळ जपानी कागदाची पट्टी खळीने चिकटवून घडी पुन्हा उभी करता येते. म्हणजे पुस्तक कितीही वेळा दुरुस्त होऊ शकते, फक्त त्याच्या घड्या शाबूत हव्यात.

बाजूशिलाईत हे काहीच राहत नाही. सगळी पाने एकत्र दाबून कण्यापासून अर्ध्या इंचावर वरून खाली भोके पाडायची आणि दोरा किंवा तार ओवून टाकायची. पाच मिनिटांत पुस्तक तयार, आणि दिसायला घट्ट. पण ते उघडत नाही म्हणून वाचक ते ताणतो, झेरॉक्सवाला काचेवर दाबतो, आणि टपालाच्या तिकिटांसारखी पाने भोकांच्या रेषेवर सुटतात. मग पुन्हा बांधायला येते, पुन्हा अर्धा इंच कापले जाते. तिसऱ्या वेळेला कापायला समासच उरत नाही.

गेल्या काही दशकांत कणा खरवडून गरम गोंदाने चिकटवलेली पुस्तके फार झाली. छापखानेवाले त्याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. त्यांना घडी नसतेच. तीही वाचवता येतात: पाने पंख्यासारखी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवून दोन्ही वेळा पातळ गोंद द्यायचा, म्हणजे प्रत्येक पान शेजारच्या पानाला धरते. त्यासाठी बाजूला भोके पाडायची गरज नाही.

हे सगळे बांधणाऱ्यांना कळत नाही असे नाही. माझ्याकडे आलेली ती दोन पोती ज्याने बांधली त्यालाही जुज शिलाई येत असेल. त्याच्याकडे कागद आला असेल तो दरपत्रकाचा, आणि त्यावर लिहिले असेल, "पुस्तक बाइंडिंग, दर प्रति नग." चाळीस पृष्ठांची बालपुस्तिका हाही एक नग आणि बाराशे पृष्ठांचा कोश हाही एक नग. मी दिवसभरात जुज शिलाईची सात-आठ पुस्तके करते. घड्या सांधायच्या असल्या तर तीन. बाजूशिलाईवाला दिवसाला शंभर काढतो. तीन दरपत्रके शेजारी ठेवली की सर्वांत कमी दरावर सही होणार. सही करणाऱ्या कार्यवाहांना मी दोष देत नाही. हिशेब तपासताना त्यांना दर विचारला जातो, पुस्तक उघडते का हे कुणी विचारत नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी पैशाच्याही आधीची आहे. दरपत्रकाच्या नमुन्यात बांधणीचे निकष लिहा, आणि ते संचालनालयाच्या परिपत्रकाने सगळ्या मान्यताप्राप्त वाचनालयांना लागू करा. फार लांबलचक नकोत. कणा कापायचा नाही. घडी असेल तिथे जुज शिलाईच करायची. ग्रंथपालाने लेखी सांगितल्याशिवाय कडा छाटायच्या नाहीत. मूळ मुखपृष्ठ, जाहिरातींची पाने, भेट देणाऱ्याची सही, वाचनालयाचा जुना शिक्का यातले काहीही फेकायचे नाही. छापील पानावर चिकटपट्टी लावायची नाही. आणि दर नगावर न मागता पृष्ठसंख्येवर आणि कामाच्या प्रकारावर मागायचा. काम परत आले की त्यातली कुठलीही पाच पुस्तके टेबलावर मध्यावर उघडून हात काढून घ्यावा. जी आपोआप मिटतील ती बांधणाऱ्याला परत द्यावीत. एवढी तपासणी करायला कुठल्याही यंत्राची गरज नाही.

चिकटपट्टीवर मी अडून बसते, कारण बहुतेक नुकसान प्रेमापोटीच होते. पान फाटले की ग्रंथपाल किंवा शिक्षक घाईने पट्टी लावतात. पाचसहा वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो, वरचे प्लास्टिक निघून येते आणि अक्षरांवर तपकिरी तेलकट पट्टा कायमचा राहतो. त्यापेक्षा फाटलेले पान तसेच पुस्तकात ठेवून द्या आणि आमच्याकडे पाठवा. चुका आमच्याही हातून झाल्या आहेत. सासरे मैद्याच्या खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. मीही कितीतरी वर्षे घातला. पुढे जुने कागद शास्त्रीय रीतीने जपणाऱ्या एका संवर्धकांनी समजावले की मोरचुदातले तांबे कागदाचे तंतू लवकर कुजवते. तेव्हापासून मी खळ रोज ताजी शिजवते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी वापरत नाही. कसरीसाठी आमच्या घरी वेखंडाची पुरचुंडी कपाटात असते, पण खरा उपाय म्हणजे वर्षातून दोनदा प्रत्येक पुस्तक हातात घेऊन झटकणे आणि भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढणे. ओल भिंतीतून येते, आणि वाळवीही.

आता पैशाबद्दल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या अ, ब, क, ड वर्गांच्या वाचनालयांना शासन जे अनुदान देते त्याला परिरक्षण अनुदान म्हणतात. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. परिरक्षण म्हणजे सगळ्या बाजूंनी राखणे. पण माझ्याकडे येणारे कार्यवाह सांगतात की बांधणीचे पैसे त्यांना विजेचे बिल, भाडे, वर्तमानपत्रे यांतून उरले तर मिळतात, आणि उरत नाहीत. नव्या पुस्तकांची खरेदी दरवर्षी होते, ती व्हायलाच हवी. जुन्याच्या राखणीचा रकाना मात्र वेगळा नसल्यामुळे कोरा राहतो. तो वेगळा करा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती फक्त बांधणी आणि दुरुस्तीवर खर्च करायची, दुसरीकडे वळवायची नाही, असे बंधन घाला.

रकाना नसला की पुस्तक जाते ते निर्लेखनाच्या यादीत. जीर्ण, फाटलेले, वापरास अयोग्य असे तीन शब्द लिहिले की दाखल नोंदवहीतून त्याचा क्रमांक कमी होतो आणि ते रद्दीच्या काट्यावर चढते. मी रद्दीवाल्यांकडून पुस्तके सोडवून आणते, म्हणून सांगते: त्यातली अनेक पुस्तके नुसता दोरा तुटलेली असतात. यादीत एक रकाना वाढवा, "बांधणी शक्य आहे का", आणि तो बांधणी जाणणाऱ्या माणसाने भरावा. दुसरा रकाना असा, की या पुस्तकाची आणखी एक प्रत कुठे आहे हे पाहिले का. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. पावणेदोनशे वर्षांच्या कपाटांत कुठले पुस्तक शेवटची प्रत म्हणून उभे आहे हे न पाहता ते कमी करणे मला सहन होत नाही.

आणि जुने म्हणजे नाजूक, हा समजही कृपया सोडा. माझ्या अनुभवात उलटे आहे. चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेले दीडशे वर्षांपूर्वीचे पुस्तक येते तेव्हा त्याची पाने धुतलेल्या सुती कापडासारखी वळतात. पुठ्ठा गेलेला असतो, कणा सुटलेला असतो, पण आत कागद जिवंत असतो, आणि दोन दिवसांत ते पुस्तक पुन्हा वाचकाच्या हातात जाते. जीव धोक्यात आहे तो दुसऱ्या महायुद्धाच्या कागदटंचाईच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतल्या स्वस्त पुस्तकांचा. लाकडाचा लगदा, त्याला शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी दिलेली. अशा कागदात आम्ल तयार होते, ते आतल्या आत तंतू तोडत राहते, आधी कडा तपकिरी होतात आणि मग पान बिस्किटासारखे मोडते. नेमक्या याच काळातले मराठी पुस्तक पुन्हा छापले गेले नसेल तर त्याच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत.

अशा पुस्तकाला दोरा लावायचा नसतो. मी पानाचा कोपरा हलकेच मागेपुढे दुमडून पाहते. दुसऱ्या दुमडीला तुटला तर सुई खाली ठेवते. त्याला मापाची पुठ्ठ्याची पेटी करायची, त्याचे स्कॅन काळजीने आधी करून घ्यायचे, आणि मूळ प्रत कमीत कमी हाताळायची. चुन्याच्या निवळीने किंवा मॅग्नेशियमच्या द्रावणाने आम्ल मारता येते, पण शाई पसरते का, कागद पाणी सोसतो का हे तपासून करायचे ते काम आहे. ते प्रशिक्षित संवर्धकाचे, माझे नव्हे. राज्यात दर विभागाला असा एक तरी संवर्धक आणि एक लहान प्रयोगशाळा हवी. हस्तलिखितांसाठी केंद्राने २००३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली, पण तिच्या व्याख्येत हाताने लिहिलेलेच येते. १९४५ सालचे छापील पुस्तक त्या दारातून आत जाऊ शकत नाही, आणि आमच्यासारख्यांच्या सुईलाही ते झेपत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मलाही आनंद झाला. त्या दर्जाखाली जे काम होईल त्यात या छापील पुस्तकांचा आम्लाचा प्रश्न यावा, अशी विनंती आहे.

पुराबद्दल लिहिल्याशिवाय मिरजेच्या माणसाचे पत्र पुरे होणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. पाणी ओसरल्यावर आम्ही काहीजण पुस्तके काढायला गेलो. कपाटे उघडी होती तरी पुस्तके निघेनात, कारण भिजलेला कागद फुगून फळ्यांच्या मध्ये घट्ट बसला होता. शेवटी फळ्या तोडल्या. वास अजून आठवतो. कुणीतरी चांगल्या मनाने पुस्तके गच्चीवर उन्हात टाकली होती, ती वाकडीतिकडी होऊन वाळली. गुळगुळीत आर्ट पेपरवरची चित्रांची पुस्तके वाळता वाळता वीट झाली, एकही पान सुटले नाही. बाकीच्यांवर दोन-तीन दिवसांत बुरशी आली. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने तर २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले.

भिजलेल्या पुस्तकाला पहिले अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे. त्यात सगळी वाळवणे कुणालाही शक्य नसते, म्हणून त्यांना थांबवून ठेवायचे असते, आणि त्याचा उपाय गोठवणे हा आहे. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही. महिनोन्‌महिने ठेवा आणि सवडीने थोडी थोडी काढून पंख्याखाली, पानांत टीपकागद घालून वाळवा. कोकणात मासळी गोठवण्याचे कारखाने आहेत. आमच्या तासगाव-मिरज भागात बेदाण्याची शीतगृहे आहेत. ती गोठवत नाहीत, पण थंडाव्याने बुरशीला काही दिवस तरी रोखतील. खाद्यपदार्थांपासून वेगळी खोली लागेल, गाडी लागेल, प्लास्टिकच्या पिशव्या लागतील, आणि आधी कोणती कपाटे रिकामी करायची याची यादी भिंतीवर लागेल. नदीकाठच्या प्रत्येक जिल्ह्याने हे बोलणे मे महिन्यातच करून ठेवावे. पाणी चढायला लागल्यावर फोन करून काही होत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

शिक्षणाधिकाऱ्यांना आणि मुख्याध्यापकांना माझे सांगणे वेगळे आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जूनच्या आधी एक काम व्हायचे. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढायची, नीट जुळवायची, आई किंवा आजोबा दाभणाने ती शिवून द्यायचे, आणि वर खाकी कव्हर. रफ वही तयार. बांधणीचा पहिला धडा प्रत्येक मराठी घरात होता, तो आता राहिला नाही. शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला वही शिवायला शिकवत, तेही विरळ झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून गावातल्या कारागिरांकडे काम शिकण्याची सोय सांगितली आहे. त्या दहांपैकी दोन दिवस पुस्तकबांधणीला द्या.

मी एका जिल्हा परिषद शाळेत हे करून पाहिले. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एका जुजाची वही शिवली. आरीने भोके मी आणि शिक्षकांनी पाडून दिली, टाके मुलांनी घातले. दुसऱ्या दिवशी शाळेचे पेटी वाचनालय उघडले, आणि मुलांनी सुटलेली पाने पाहून स्वतःच गट पाडले: नुसती तार गंजलेली एका बाजूला, कव्हर निघालेली दुसरीकडे. गंजक्या पिना काढून त्यांच्या जागी तीन टाके घालणे सातवीच्या मुलाला सहज जमते, आणि बालपुस्तिकांच्या दुरुस्तीचा मोठा भाग एवढाच असतो. महिन्याभराने गुरुजींनी कळवले की पेटीतली पुस्तके आता जास्त बाहेर जातात, कारण प्रत्येकाला आपण शिवलेले पुस्तक कोण वाचते ते बघायचे असते. शाळांच्या पुस्तक पेढ्यांत गोळा होणाऱ्या जुन्या पाठ्यपुस्तकांनाही हेच तीन टाके आणखी एक-दोन वर्षे देतील.

एक गोष्ट आमच्या हातांबद्दल. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्याच गावच्या कारागिरांना ती ओळख मिळाली याचा अभिमान आहे. बांधणीला असे मानांकन कुणी मागत नाही, पण तिच्यात शिकलेला हात लागतो हे तरी मान्य व्हावे. माझ्या ओळखीतल्या घडाई-शिलाई करणाऱ्या बहुतेक बाया आहेत, घरी बसून, फर्म्यावर मजुरी घेणाऱ्या. त्यांच्या मुलींनी हे काम घेतले नाही, आणि मिळणारा दर पाहता मी त्यांना घ्या असे म्हणू शकले नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात जुज शिलाई येणारे कितीजण उरले आहेत याची नोंद करावी. त्यांच्याकडे दरवर्षी दोन-तीन शिकाऊ पाठवावेत, विद्यावेतन द्यावे. ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गातल्या मुलांनीही आठवडाभर आमच्या पाटावर बसावे. त्यांना बांधता आले नाही तरी चालेल, चांगली बांधणी ओळखता यायला हवी.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक पोथीच्या तोंडून विनवणी लिहून ठेवत: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. बांधणीचा उल्लेख ते तेला-पाण्याच्या बरोबरीने करत.

त्या दोन पोत्यांतली पुस्तके अजून माझ्याकडे आहेत. सुटी पाने मी दोन-दोनच्या जोडीने जपानी कागदाच्या पट्टीवर बसवून नव्या घड्या करते आहे. एका ग्रंथाला नऊ दिवस लागले. नकाशाचे तीन तुकडे मागून कागद देऊन जोडले, सांध्यावरची दोन गावांची नावे मात्र गेली. हे काम मी त्या वाचनालयाकडून फक्त सामानाचे पैसे घेऊन करते आहे, कारण त्यांचा बांधणीचा खर्च दोन वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे. आपल्यापैकी कुणी मिरजेला आले तर शिकंज्यात लावलेले पुस्तक आणि त्याशेजारी छाटून गेलेल्या कडांची पिशवी, दोन्ही दाखवीन. निकषांचा मसुदा करायला बसणार असाल तर मला बोलवा, सुई-दोरा घेऊन येते.

कळावे.

आपली विश्वासू,
मिरजेची एक पुस्तकबांधणी कारागीर